माँ ब्लाँ स्वित्झर्लंडमध्ये नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीतल्या स्वित्झर्लंडवरच्या लेखात वाचकांना ‘स्वित्झर्लंडच्या माँ ब्लाँवर’ नेऊन आणलं आहे. माँ ब्लाँ स्वित्झर्लंडमध्ये नाही. ते फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर आहे. त्या दोघांचंही माथ्यावरून जमत नाही. इटलीच्या नकाशात सीमारेषा शिखरावरून जाते, फ्रान्सच्या नकाशात अख्खा माथा फ्रान्सचा. या भांडणात स्वित्झर्लंड पक्षकारच नाही. तिन्ही देश जिथे एकत्र येतात, ते माँ दोलां नावाचं वेगळंच शिखर आहे, ईशान्येला.

मी टूर मॅनेजर आहे. दर मे-जूनमध्ये मराठी ग्रुप घेऊन युरोपला जाते. त्यामुळे हा घोटाळा कुठून येतो ते मला पक्कं ठाऊक आहे. लेखकाला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आमच्याच छापील कार्यक्रमात ‘स्वित्झर्लंड’ या मथळ्याखाली ‘जिनिव्हा – माँ ब्लाँ – जिनिव्हा’ असा एक दिवस असतो. सकाळी कोच निघतो, दीड-एक तासात माँ ब्लाँच्या पायथ्याचं, फ्रान्समधलं शामोनी येतं, रोपवे, फोटो, डब्यातलं जेवण, चॉकलेटचं दुकान, परत. सीमा कधी ओलांडली ते कुणालाच कळत नाही, कारण शेंगेन करारातल्या देशांच्या सीमेवर कुणी थांबवत नाही. आणि गंमत अशी की जिनिव्हाची हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून ‘जिनिव्हा परिसरातला’ मुक्काम बऱ्याचदा आनमाससारख्या गावात, म्हणजे फ्रान्सच्याच बाजूला असतो. लोक दोन रात्री फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात झोपतात आणि घरी येऊन स्वित्झर्लंडच्या गाद्या किती मऊ होत्या ते सांगतात.

तर ज्या प्रदेशाचं आम्ही नावसुद्धा घेत नाही, त्या साव्हुआबद्दल थोडं.

आज त्याचे दोन जिल्हे आहेत. ओत-साव्हुआचं मुख्य ठिकाण आन्सी आणि साव्हुआचं शाँबेरी. हे दोन्ही फ्रान्समध्ये आले ते १८६० साली. त्याआधी साव्हुआ घराण्याचं राज्य आल्प्सच्या दोन्ही अंगांना पसरलेलं होतं. शाँबेरी ही त्याची जुनी राजधानी, ती १५६३ मध्ये तुरीनला हलवली. येशूचं म्हणून जे कफन आज तुरीनमध्ये आहे, तेही आधी शाँबेरीच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये होतं आणि १५३२ च्या आगीत तिथेच होरपळलं. पुढे याच घराण्याने इटली एक केली. पण ऑस्ट्रियाविरुद्ध फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याची फौज हवी होती, तिची किंमत म्हणून पंतप्रधान काव्हूरने साव्हुआ आणि नीस फ्रान्सला देऊन टाकलं. म्हणजे इटलीच्या राजाने गादीसाठी आपलं मूळ गावच सोडलं. नीसमध्ये जन्मलेल्या गॅरिबाल्डीने याबद्दल काव्हूरला कधी माफ केलं नाही.

एप्रिल १८६० मध्ये साव्हुआत सार्वमत झालं. बाजूने १,३०,५३३ आणि विरोधात २३५! आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा इतकं एकमत दिसत नाही. ‘नाही’च्या चिठ्ठ्या ठिकठिकाणी ठेवल्याच नव्हत्या, अशी तक्रार तेव्हाच झाली होती. उत्तरेकडच्या लोकांना खरं तर स्वित्झर्लंडमध्ये जायचं होतं, कारण त्यांचा बाजार जिनिव्हा. तेरा हजारांवर सह्यांचा अर्जही त्यांनी केला होता. त्यांना शांत करायला त्या भागात ‘हो, आणि झोन’ अशा चिठ्ठ्या छापल्या. झोन म्हणजे जिनिव्हाशी जकातीशिवाय व्यापार. जिनिव्हाभोवतीच्या या मोकळ्या पट्ट्यांचा वाद पुढे हेगच्या तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९३२ मध्ये निकाल लागला. आजही लाखभर माणसं रोज फ्रान्समधून जिनिव्हाला कामावर जातात. सकाळी सातच्या सुमाराला आमचा कोच त्यांच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, तेव्हा मला दरवेळी १८६० आठवतं. प्रवाशांना फक्त उशीर आठवतो.

पूर्वी हा मुलूख अगदी गरीब होता. हिवाळ्यात इथली पोरं पॅरिसला धुराडी साफ करायला जात. आज जगभरातले धनिक ज्या कूरशव्हेलला स्कीइंगला जातात, ते १९४६ मध्ये ठरवून वसवलेलं गाव आहे. जवळच्या तीन्य गावाचं जुनं घर-शिवार १९५२ मध्ये धरणाखाली गेलं. धरणग्रस्त फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

मुंबईशी या डोंगरांचा जुना संबंध आहे, आणि तो कुठल्याच पुरवणीत येत नाही. साव्हुआतल्या मोदानहून इटलीत जाणारा माँ सनी रेल्वे बोगदा १८५७ मध्ये खोदायला घेतला, तेव्हा त्याची दोन्ही तोंडं एकाच राज्यात होती. तीन वर्षांत साव्हुआ फ्रान्सचं झालं आणि अर्धवट खोदलेल्या बोगद्यात आंतरराष्ट्रीय सीमा आली. काम तरीही चालू राहिलं. दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं त्यात वापरणारा इंजिनियर झेर्मां सोमेये हा साव्हुआचाच माणूस. उद्घाटन सप्टेंबर १८७१ चं, आणि तो वारला जुलैत. पुढे लंडनची मुंबई डाक फ्रान्स ओलांडून याच बोगद्यातून इटलीच्या ब्रिंदिसी बंदरात जायची आणि तिथून बोटीने मुंबईकडे. आपल्या पणजोबांपैकी कुणाला विलायतेहून पत्र आलं असेल, तर ते बहुधा साव्हुआच्या डोंगराखालून आलं असेल.

आता शामोनी. माँ ब्लाँचा माथा पहिल्यांदा गाठला तो ८ ऑगस्ट १७८६ रोजी, गावचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधत हिंडणारा बाल्मा यांनी. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने त्यासाठी १७६० पासून बक्षीस लावलं होतं. पहिलं हिवाळी ऑलिम्पिकही इथलंच, १९२४ चं. माथ्यावर बर्फाची टोपी आहे, त्यामुळे उंची बदलत राहते. २०२१ च्या मोजणीत ४,८०७.८१ मीटर भरली, २०२३ मध्ये ४,८०५.५९. शाळेत पाठ केलेली ४,८०७ सांगितलीत तर मी चूक म्हणणार नाही.

आम्ही लोकांना नेतो तो रोपवे माँ ब्लाँचा नव्हे, एग्वी द्यू मिदी या शेजारच्या सुळक्याचा आहे. हेही लेखात लिहायला हवं होतं, कारण वर जाऊन आलेली माणसं ‘आम्ही माँ ब्लाँ केलं’ असं सांगतात. गाव १,०३५ मीटरवर, वरचं स्टेशन ३,७७७ वर, माथ्याचा सज्जा ३,८४२ वर. वीस मिनिटांत माणूस कळसूबाईच्या दुपटीहून उंच जातो. पहिल्या टप्प्यात खांबावरून जाताना केबिन हेलकावे खाते आणि ‘अगंबाई’ असा एकच गजर होतो. दुसऱ्या टप्प्यात मध्ये एकही खांब नाही, तार सरळ कड्यावर चढते, आणि तिथे मात्र सगळे गप्प. वर पोचल्यावर माझा सगळा वेळ ‘काका, जिना हळू चढा’, ‘ताई, पळू नका, बसून घ्या’ यात जातो. हवा विरळ असते, सेल्फीच्या नादात ते लक्षात येत नाही. बीपीची गोळी चुकवून वर येणारे दरवेळी कुणी ना कुणी निघतातच.

मेर द ग्लास ही हिमनदी बघायला १९०९ पासून दातेरी रुळांची रेल्वे आहे. पूर्वी वरून उतरलं की पाय बर्फावर. नंतर बर्फ इतका खाली गेला की पाचशेहून अधिक पायऱ्या झाल्या. वाटेत कड्यावर सालांच्या पाट्या आहेत, त्या-त्या साली बर्फ कुठवर होता ते सांगणाऱ्या. वाचत वाचत उतरताना गुडघे दुखायचे, पण तापमानवाढीवर मी ग्रुपला वेगळं भाषण देत नाही. जुना पाळणा बर्फापर्यंत पोचेना म्हणून २०२४ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला नवा बांधावा लागला.

जेवणाबद्दल एकच सूचना, शाकाहारी मंडळींसाठी. बटाटा आणि रब्लोशाँ चीजचं तार्तिफ्लेत सगळीकडे मिळतं आणि दिसायला निरुपद्रवी असतं. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ऑर्डर देण्याआधी विचारा. रब्लोशाँची मूळ कथा मात्र मला फार आवडते. जमीनदाराचा माणूस दूध मोजायला यायचा, तेव्हा शेतकरी गाय पुरती पिळायचाच नाही. तो गेला की दुसऱ्यांदा धार काढायची. ते घट्ट दूध घरचं, आणि त्याचं हे चीज.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. शामोनीच्या अलीकडे, गावात शिरताना उजव्या हाताला, एक हिमनदी थेट माँ ब्लाँवरून जंगलापर्यंत उतरलेली दिसते. ती बॉसों. कोचमधून ती दोन-तीन मिनिटं दिसते आणि बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत तिचा उल्लेख नसतो.

३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान माथ्याजवळ आदळलं. मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं होतं. ४८ जण गेले, त्यांत इंग्लंडला जहाजावर रुजू व्हायला निघालेले आपले खलाशी होते. मदतीला वर चढलेल्या पथकातला शामोनीचा गाइड रने पायो हाही गेला. मग २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचंच ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळपास त्याच जागी आदळलं. जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात होतं. नियंत्रण कक्षाने सांगितलेल्या जागेचा अर्थ लावताना गफलत झाली, वैमानिकाला वाटलं डोंगर मागे पडला. ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते, व्हिएन्नाला निघाले होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

हिमनदी गिळलेलं परत देते, वेळ घेऊन. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या चढाईत तीन गाइड भेगेत पडून गाडले गेले. (पुढच्याच वर्षी शामोनीच्या गाइडांनी आपली संघटना काढली, ती आजही आहे.) त्या तिघांचे अवशेष १८६१ मध्ये बॉसोंच्या पायथ्याशी बाहेर आले. तसंच या विमानांचं चालू आहे. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची डाकेची थैली सापडली, ती भारतीय दूतावासाकडे गेली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम आणि माणकांची पेटी मिळाली. त्याने ती पोलिसांत नेऊन दिली, आणि २०२१ मध्ये अर्धा वाटा त्याला, अर्धा शामोनी पालिकेला मिळाला. २०२० मध्ये तर १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, इंदिराबाईंच्या निवडीच्या मथळ्यांसकट. छापलेलं अजून वाचता येत होतं.

एका मोकळ्या दिवशी मी बॉसोंखाली जाऊन आले. राखाडी पाण्याचा ओढा, दगडगोट्यांचा ढीग, आणि त्यात हाताच्या पंजाएवढा चुरगळलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, रिवेटांची ओळ जशीच्या तशी. तो मी तिथेच ठेवला.

काही वर्षांपूर्वी माझ्या ग्रुपमध्ये अणुशक्तीनगरहून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी आदल्या रात्रीच विचारलं होतं, ‘भाभांचं विमान कुठे पडलं, ते दाखवाल का?’ मी कोचच्या खिडकीतून दाखवलं. पाच मिनिटं थांबू या म्हणाले. कार्यक्रमात थांबा नव्हता आणि कोच कॅप्टनच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, ड्युटीचे तास कायद्याने बांधलेले. चॉकलेटच्या दुकानाला मात्र पाऊण तास राखून ठेवलेला होता. काकांनी एकट्याने तक्रारीचा फॉर्म भरला. नंतर ऑफिसात मी हा विषय काढला, तर ‘लोक सुट्टीवर येतात, अपघात कशाला दाखवायचा’ असं उत्तर मिळालं. माझा अनुभव उलटा आहे. मी माइकवर हे सांगते तेव्हा मागच्या सीटवरचे झोपलेलेसुद्धा उठून खिडकीशी येतात.

म्हणून संपादकांना विनंती, चुकीची दुरुस्ती छापाच, पण साव्हुआवर एक स्वतंत्र लेखही द्या. आणि वाचकांना धंद्यातल्या बाईचा सल्ला : बुकिंगच्या वेळी विचारा की ‘जिनिव्हा’चा मुक्काम नेमक्या कुठल्या गावात आहे. फ्रान्समध्येच झोपायचं असेल, तर त्यातली एक रात्र शामोनीला मागा. दहा-पंधरा कुटुंबांनी एकदम मागितलं तर कंपन्या ऐकतात, मी बघितलं आहे. रोपवेची वेळ सकाळची घ्या, दुपारी ढग येतात आणि वारा वाढला की केबिन बंद. तिथे मुक्काम असला तर संध्याकाळ मोकळी मिळते. शामोनीहून लाल-पांढऱ्या छोट्या ट्रेनने खालच्या बाजूला ले बॉसों स्टेशनवर उतरायचं, पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. शेवटची परतीची गाडी किती वाजता आहे, ते आधी बघून ठेवा.

आपली नम्र,
एक टूर मॅनेजर, डोंबिवली (पूर्व)
(नोकरी अजून चालू आहे, त्यामुळे नाव छापू नये ही विनंती.)