लायब्ररीचा तास म्हणजे ऑफ तास नाही

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्याकडं बऱ्याच शाळांत लायब्ररीचा तास म्हणजे पुस्तकं वाटा, लेकरांना गप बसवा आणि तेवढ्यात सरांनी खिचडीचं रजिस्टर भरून घ्या, असंच चाललंय बघा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की कपाट उघडतं, फोटो ग्रुपवर पडला की परत कुलूप!

अहो, थोडं प्लॅनिंग करा की. सहावीला मी गट करून नकाशा, विश्वकोशाचे खंड आणि तुमचेच जुने पेपर दिले, प्रश्न एकच, जायकवाडीत पाणी येतं कुठून? एका पोरीनं पैठणवर बोट ठेवून गोदावरी उलटी शोधत पार त्र्यंबकेश्वरापर्यंत नेली, दुसरा गट पेपरातले धरणसाठ्याचे टक्के वहीत उतरवून भांडत बसला की गेल्या आठवड्यापेक्षा वाढले का घटले. गोंगाट झाला, होऊ द्या. असंच 17 सप्टेंबरच्या आधी घरच्या म्हाताऱ्यांना मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं विचारून यायला लावायचं आणि मग पुस्तकात ताडून बघायचं.

फक्त वेळापत्रकात सलग दोन तास द्या, एकात पुस्तकं काढण्यातच घंटा होते. आणि पुस्तक फाटंल म्हणून अडवू नका, सेलोटेप दहा रुपयाला मिळतो.

एक शिक्षिका, जि. बीड