‘आद्य’ या एका शब्दाचा वाद

संपादक महोदय,

प्राचीन हिंदू कायद्यात स्त्रीला मालमत्तेचा अधिकारच नव्हता, असे सरसकट विधान वारंवार वाचनात येते आणि आधारासाठी मनुस्मृतीतील ‘भार्या पुत्रश्च दासश्च त्रय एवाधनाः स्मृताः’ (पत्नी, पुत्र आणि दास हे तिघे ‘अधन’, म्हणजे स्वतःचे धन नसलेले) हे वचन पुढे केले जाते. या वचनात पत्नीबरोबर पुत्रही ‘अधन’ ठरतो, याकडे सोयीस्कर दुर्लक्ष होते. त्याच स्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालमत्तेचे, सहा प्रकार सांगितले आहेत, तेही सहसा कोणी उद्धृत करत नाही.

दुसरा स्मृतिकार याज्ञवल्क्य याने निपुत्रिकाच्या वारसांत पत्नीला पहिले आणि मुलीला दुसरे स्थान दिले. स्त्रीधनाचे प्रकार सांगताना त्याने ‘आधिवेदनिकाद्यम्’ (पतीने दुसरे लग्न करताना पहिल्या पत्नीला दिलेले धन, इत्यादी) असा शब्द वापरला, आणि त्यातील ‘आद्य’ म्हणजे ‘इत्यादी’ यावर पुढील कित्येक शतकांचा वाद उभा राहिला. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने या ‘इत्यादी’मध्ये वारसा, खरेदी आणि वाटणी यांतून आलेली मालमत्ताही धरली. अर्थात त्याला आधुनिक सुधारक ठरवण्याचे कारण नाही, कारण पती एकत्र कुटुंबातून विभक्त झालेला असेल तरच विधवेला त्याचा वारसा मिळेल, ही अट त्यानेच घातली. एकत्र कुटुंबातील विधवेच्या वाट्याला केवळ पोटगी आली.

तरीही स्त्रीधनाचा हा विस्तृत अर्थ आखडला तो प्रामुख्याने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिशकालीन भारतासाठीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने. 1867 च्या भगवानदीन दुबे विरुद्ध मैनाबाई या खटल्यात विधवेला पतीकडून वारशाने आलेली मालमत्ता तिचे स्त्रीधन नव्हे, तिच्या पश्चात ती पतीच्याच वारसांकडे जाईल, असा निर्णय झाला. मुंबई इलाख्यात निदान मुलीला वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता पूर्ण मालकीची मानली जात राहिली. येथे मिताक्षरेबरोबर नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूख या धर्मशास्त्रग्रंथालाही मान होता, आणि हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे.

जबाबदारीची वाटणी करायचीच, तर ती स्मृतिकार, टीकाकार आणि न्यायाधीश यांच्यात नीट करावी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने विधवेची मर्यादित मालकी संपवली. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात मालमत्ता मिळण्याचे जे मार्ग नमूद आहेत, त्यांत वारसा, वाटणी आणि खरेदी हे विज्ञानेश्वराचे तिन्ही मार्ग आहेत.

आपला,
एक वाचक, सातारा