डोळे उघडे ठेव, मनू

सहकारनगर, पुणे

चि. मनूस,

पत्रास कारण, परवा आई म्हणाली ते. ॲपवरचं ध्यान जमत नाही म्हणून तू स्वतःवरच चिडलीस. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला लागलीस की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला जिन्याखाली स्कूटर बंद झाल्याचा आवाज येतो आणि पोटात गोळा उठतो. स्कूटर विकून नऊ वर्षं झाली. ती कोणाची, हे आईने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मग मी वाचत बसलो (निवृत्त माणसाला दुसरं काम काय!). हे माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचं ध्यान, जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी वर्ग म्हणून सुरू केलं. आठ आठवड्यांचा वर्ग आणि समोर शिकवणारा माणूस, ज्याला तुमचा चेहरा दिसतो. ॲपमध्ये आवाज तेवढा उरला. तुला घाम फुटला तरी ती बाई त्याच गोड सुरात ‘श्वास आत’ म्हणत राहणार! लहानपण धास्तीत गेलेल्यांना डोळे मिटले की कधी कधी जुनंच वर येतं. हे जाणणारे शिक्षक डोळे उघडे ठेवायला सांगतात. श्वास नको वाटला तर तळपायांना लागणारा फरशीचा गारवा घे. दोन मिनिटं पुरेत, आणि नको झालं की सरळ बंद कर. दादावाडीच्या विपश्यना केंद्राचं कुणी सुचवेल. दहा दिवसांचं मौन मला तरी तुझ्यासाठी आत्ता नको वाटतं.

आणखी एक वाचलं. १९९८ साली अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हजारो मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं. जितकी ‘हो’ जास्त, तितका पुढे नैराश्याचा आणि शरीराच्या आजारांचाही धोका जास्त. त्यातला एक प्रश्न होता, घरात कुणी दारूच्या आहारी गेलेलं होतं का?

मी चष्मा काढून ठेवला.

मुक्तांगणातून दारू सोडून परत आल्यावर मी तुझी माफी मागितली होती. तू पंधरा वर्षांची, दप्तर भरत होतीस. ‘ठीक आहे बाबा’ म्हणालीस आणि मला तेवढं पुरलं. किती सोयीचं होतं ते मला!

तुझा चेहरा बघू शकेल असा समुपदेशक शोध. फी मी भरतो. यावर वाद नको, एवढी उधारी फेडू दे. अपरात्री कठीण झालं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात. कुठेही माझी बाजू सांभाळून बोलू नकोस. झालं ते झालं तसं सांग.

रविवारी सकाळी मी तळजाईच्या टेकडीवर फिरायला असतो. आलीस तर सोबत चालू. बोललंच पाहिजे असं नाही.

आणि हो, तू घरी असशील तेव्हा मी बाहेरून आलो की आधी खालूनच हाक मारीन. आई याला वेडेपणा म्हणते. म्हणू दे. कुठल्या आवाजात वर येतोय, ते तुला आधीच कळेल.

बाबा