पोर्ट ऑगस्टाला माझा कागद वाचणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही नंबर दिला नाहीत, नाव विचारलं तर "साताऱ्याचा आहे, एसटीत होतो, एवढं पुरे" म्हणालात आणि जावयाच्या गाडीत बसून फ्लिंडर्सच्या डोंगरांच्या रस्त्याला लागलात, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. ऑस्ट्रेलियातली मराठी माणसं कुठून ना कुठून एकमेकांना ओळखतातच, कुणीतरी तुमच्या लेकीला दाखवेल, ती तुम्हाला वाचून दाखवेल. नाही पोचलं तरी लिहायचंच होतं, कारण त्या सकाळची आठवण आली की अजून घसा दाटतो.

आधी मनातला राग बाहेर काढते, त्याशिवाय आभार नीट मानता यायचे नाहीत.

आमची गाडी कॅरॅव्हॅन (मागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) जोडून रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू व्हायची नाही. स्टार्टर नुसता कट कट कट करायचा. पहिल्या वर्कशॉपवाल्याने बॅटरी गेली म्हणून नवीन बॅटरी घातली. पुढच्या सहलीत ती नवीन बॅटरीही उतरली, मग दुसऱ्याने अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, बदलला, बिल एवढं मोठं की ते इथे लिहायलाही नको वाटतं, आणि तरी तेच. दोघांनीही मीटर लावून "पॅरासिटिक ड्रॉ", म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरीतून जाणारा करंट, तपासला, तीस-चाळीस मिलीअँपिअर येतो, नॉर्मल आहे म्हणाले. पण हे सगळं कॅरॅव्हॅन घरी ठेवून! मी दोघांनाही विचारलं होतं, कॅरॅव्हॅन जोडून आणू का, कारण त्रास जोडलेली असतानाच होतो. गरज नाही म्हणाले. कॅरॅव्हॅन विकणारा तर फोनवर म्हणाला की मॅडम तुमचा एखादा दिवा चालू राहिला असेल, नाहीतर रात्री फ्रिज बंद ठेवत जा.

फ्रिज बंद ठेवत जा. त्या फ्रिजमध्ये माझ्या सासूबाईंचं पुढच्या महिन्याभराचं इन्सुलिन असतं, ते दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं, बाहेर जानेवारीत चाळीसच्या वर पारा, आणि हा माणूस मला फ्रिज बंद ठेवायला सांगतोय. हे मी त्याला सांगितलंही, तर म्हणाला आइसबॉक्स घ्या.

आणि सगळ्यात जास्त कशाने खुपलं सांगू? गाडी माझ्या नावावर आहे, ओढते मी, कॅरॅव्हॅन मागे घ्यायची असली तरी मीच घेते, प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं जायचं. तो बिचारा म्हणायचा, अहो तिला सांगा, मला यातलं काही कळत नाही. तरी त्याच्याकडेच बघून.

मी एक कागद केला होता. आडवे रकाने पाडून. गाडी कुठे बंद पडली, आदल्या रात्री कॅरॅव्हॅन जोडलेली होती की सोडलेली, जागेवर 240 व्होल्टची बाहेरची पॉवर होती की नव्हती, सकाळी उठल्यावर फ्रिजच्या पॅनलवर कुठलं चिन्ह होतं. आमचा फ्रिज तिन्हींवर चालतो, बाहेरची पॉवर, गाडीकडून येणारे बारा व्होल्ट किंवा गॅस, आणि ऑटोवर ठेवला की आपला आपण निवडतो. मला वाटलं कुणाला तरी उपयोग होईल. पहिल्याने कागद न बघता "ठेवा तिथे" म्हटलं. दुसऱ्याने त्यावर कॉफीचा कप ठेवला. त्या कपाचा गोल डाग अजून कागदावर आहे, तुम्ही पाहिलात.

मग पोर्ट ऑगस्टा. पॉवरवाली जागा मिळाली नव्हती, सकाळी निघून कूबर पीडी गाठायचं होतं, पाचशेच्या वर किलोमीटर, त्यात ग्लेंडाम्बो सोडलं की पुढचे अडीचशे किलोमीटर मध्ये काहीच नाही, पेट्रोल नाही, पाणी नाही. आणि गाडी कट कट कट. मी नवऱ्याला म्हटलं "परत उतरली रे," आणि शेजारच्या जागेवरून तुमचा आवाज आला, "काय उतरलं ताई, बॅटरी का?" हातात दात घासायचा ब्रश होता तुमच्या.

तुम्ही बॉनेटकडे गेलाच नाहीत काका. आजवर जो आला तो थेट बॉनेट उघडायचा. तुम्ही विचारलंत, "गाडी कोण चालवतं?" मी म्हटलं मी. "मग तुम्हीच सांगा, कधी कधी झालंय असं?" मी सांगायला लागले आणि मध्येच थांबून म्हटलं, थांबा, मी लिहून ठेवलंय. भीत भीतच आणला कागद.

तुम्ही ब्रश लेकीच्या हातात दिलात, हात लुंगीला पुसलेत, खिशातून चष्मा काढलात, कागद कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावर ठेवून तळहाताने सपाट केलात आणि वाचायला लागलात. पहिल्या ओळीपासून. बोट ठेवून. एकेक रकाना. मागची बाजू उलटून बघितलीत की पुढे काही आहे का, होतं, तेही वाचलंत, आणि मग परत पहिल्यापासून. आम्ही सगळे तिथे उन्हात उभे, कुणी काही बोलत नव्हतं, सासूबाई दारात बसून बघत होत्या. मला तेव्हाच रडू येत होतं. गाडी सुरू व्हायची तर होतीच पुढे, पण कुणीतरी वाचतंय हेच खूप होतं.

आणि मग तुम्ही म्हणालात, "ताई, अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंय की. गाडी एकटी असली की मरत नाय. पॉवर लावली तरी मरत नाय. म्हणजे गाडीला काय झालेलं नाय. खाणारा मागं आहे, आणि त्याला पुढचं दार उघडं सापडतंय."

पुढचं सगळं किती पटकन झालं. तुम्ही बॅगेतून तो तुमचा टेस्ट लॅम्प काढलात, होल्डरमधला छोटा बल्ब आणि दोन वायरी, म्हणालात साताऱ्याहून येताना लेक ओरडत होती कशाला नेताय म्हणून. गाडीतून कॅरॅव्हॅनला वीज नेणारा मागचा राखाडी अँडरसन प्लग ओढून काढलात, दोन वायरी गाडीच्या बाजूच्या टोकांना लावल्यात आणि बल्ब पेटला. मंद, पिवळा, पण पेटला. किल्ली माझ्या खिशात, गाडी रात्रभर बंद. "हा पेटायलाच नको," एवढंच म्हणालात.

इथे वाचणाऱ्यांमध्ये कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर ओढणारे पुष्कळ असतील म्हणून तुम्ही मला समजावलंत ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर लेकीकडून कळवा. पुढच्या बॅटरीपासून मागच्या अँडरसन प्लगपर्यंत एक जाड वायर जाते, गाडी चालताना त्यातून कॅरॅव्हॅनची बॅटरी चार्ज होते आणि फ्रिजला बारा व्होल्ट मिळतात. मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच असतो, त्याला व्हीएसआर म्हणतात, तो व्होल्टेज बघून काम करतो. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज साधारण 13.3 च्या वर गेलं की जोडतो, इंजिन बंद केल्यावर 12.8 च्या आसपास उतरलं की तोडतो. आमच्या रिलेचे आतले पॉइंट चिकटून बसले होते, म्हणजे तो तोडायचाच नाही. दोन टाक्या खालून नळीने जोडल्या की मागची तोटी सोडली तरी पुढचीही रिकामी होते, तसं म्हणालात. त्यात फ्रिजला रात्रभर मागून बारा व्होल्ट येताना दिसायचे, त्याला वाटायचं इंजिन चालूच आहे, म्हणून तो गॅसवर जायचाच नाही. सकाळी पॅनलवर बॅटरीचं चिन्ह का दिसायचं हे मला तेव्हा कळलं! असा फ्रिज बारा व्होल्टवर दहा-पंधरा अँपिअर खातो, आणि गाडीची बॅटरी सत्तर अँपिअर-अवरची. रात्र कशी निघणार. दुपारी जेवायला दोन-तीन तास थांबलं तरी जीव अर्धा व्हायचा. पॉवरवाल्या जागेवर मात्र फ्रिज 240 वर, मागचा चार्जरही चालू, म्हणून तिथे कधीच काही व्हायचं नाही. सगळं त्या कागदावर होतं काका. सगळं.

आणि उपाय काय सांगितलात, तर गाडी उभी केली की राखाडी प्लग ओढायचा. बस. कॅरॅव्हॅन सोडायची गरज नाही, दिव्यांचा आणि ब्रेकचा प्लग वेगळा असतो, त्याला हात लावायचा नाही. प्लग ओढला की फ्रिजला बारा व्होल्ट दिसत नाहीत आणि तो मुकाट गॅसवर जातो. तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "आजी, तुमचं इंजेक्शन गार राहणार बघा." त्या पहिल्यांदाच हसल्या त्या दिवशी.

शेजारच्या गोऱ्या आजोबांनी जंप दिला, गाडी सुरू झाली. रिले बदलायचं मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, मी इथं पाहुणा, मोठं काम इथल्या माणसाकडून रीतसर करून घ्या, पण त्याला काय सांगायचं ते लिहून देतो. आणि तुम्ही माझाच कागद मागितलात. शेवटच्या ओळीखाली, माझ्याच रकान्यांत, तारीख टाकून तुमच्या अक्षरात लिहिलंत: "गाडी बंद. पुढच्या बाजूला बल्ब पेटतो. पेटू नये. रिले चिकटला आहे." वेगळ्या चिठ्ठीवर लिहिता आलं असतं तुम्हाला. माझ्या कागदावर लिहिलंत, जणू तो पहिल्यापासून कामाचाच कागद होता.

पैसे घेतले नाहीत. चहा घेतलात, तोही उभ्याने. तेवढ्या वेळात सांगितलंत की डेपोत रात्री गाडी लावली की पहिलं काम मेन स्विच बंद करायचं, कारण पहाटेच्या पहिल्या गाडीला बॅटरी उतरलेली सापडली तर आख्खी शिफ्ट धक्का मारते, आणि गाडी आली की आधी ड्रायव्हरला विचारायचं, कारण दिवसभर तिच्याबरोबर तोच असतो. हे ऐकून मला माझ्या लहानपणची एसटी आठवली. आईबरोबर मामाच्या गावी जाताना अंधार पडला होता, फाट्यावर मामा आलेला दिसत नव्हता, तर कंडक्टरने घंटी दिलीच नाही. मामाच्या हातातला टॉर्च लांबून हलताना दिसेपर्यंत गाडी उभी. आतल्या लोकांनीही कुरकुर केली नाही. अशी माणसं आहेत आपल्याकडे, होती म्हणणार नाही मी, आहेत. आपण इकडे आल्यावर घर, लॉन, गाडी सगळं दाखवतो एकमेकांना, पण ज्यांनी आयुष्यभर लोकांची गाडी पहाटे वेळेवर सुटावी म्हणून हात काळे केले त्या आईवडिलांना आपण पाहुणे म्हणून सोफ्यावर बसवून ठेवतो आणि विचारत नाही की बाबा तुम्हाला यातलं काय येतं. तुमच्या जावयाने लगेच सांगितलं, "बाबांना दाखवा, त्यांना कळतं." त्याचेही आभार, मनापासून.

ते दोन वर्कशॉपवाले वाईट माणसं नसतील. पण ज्याला रोज गाडीच बघायची आहे त्याने गाडीबरोबर राहणाऱ्या माणसाचं ऐकायला काय हरकत आहे? पाच मिनिटं. कागद वाचायला तेवढीच लागली होती तुम्हाला, चष्मा पुसण्यासकट.

पुढचं थोडक्यात कळवते. कूबर पीडीला गेलो, प्रत्येक थांब्यावर मी स्वतः उतरून राखाडी प्लग ओढला, गाडी प्रत्येक वेळी पहिल्या किल्लीत सुरू. ॲडलेडला परत आल्यावर एका तरुण ऑटो इलेक्ट्रिशियन मुलीकडे गेले, तुमची ओळ इंग्रजीत सांगितली, तिने रिले काढून माझ्यासमोर उघडला, आतले पॉइंट काळे आणि एकमेकांना चिकटलेले. आता त्या जागी डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेवर मागची बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बसवलाय, त्याची एक वायर इग्निशनला, किल्ली बंद की मागची लाइन बंद. आमच्या गाडीचा अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज कमी-जास्त करणारा आहे, त्याला हेच बरं असं ती म्हणाली. तुम्हीही "इग्निशनवरून घ्या" असंच म्हणाला होतात.

ज्यांची गाडी कॅरॅव्हॅन जोडली की सकाळी रुसते त्यांनी बॅटरी विकत घ्यायच्या आधी एवढं करा: गाडी बंद करून तासभर थांबा, अँडरसन ओढा, गाडीच्या बाजूला मीटर नाहीतर साधा बारा व्होल्टचा बल्ब लावा. पेटला तर गाडीला आणि अल्टरनेटरला दोष देऊ नका.

काका, सासूबाईंनी तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, त्यांच्या पद्धतीची, लसूण जास्त. लेकीने हे वाचलं तर तिने फक्त कुठे आणून द्यायची ते कळवावं, मी गाडी घेऊन येते. कॅरॅव्हॅन जोडून येईन, म्हणजे नवीन वायरिंग तुम्हाला दाखवता येईल आणि काही राहिलं असेल तर तुम्ही सांगाल.

तुमची,
पोर्ट ऑगस्टाची कागदवाली