सतरा क्रमांकाचा फलाट

महोदय,

बर्लिनला जाणारे बहुतेक पर्यटक ब्रांडेनबर्ग गेटजवळच्या नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मारकाला भेट देतात. मात्र २००५ साली खुल्या झालेल्या तिथल्या २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांवर चढून छायाचित्रे काढणारी माणसे पाहिली की मन विषण्ण होते. दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा पाहायला निघालेल्यांनी बर्लिनमधल्याच ग्रुनेवाल्ड स्थानकाच्या १७ क्रमांकाच्या फलाटावरही, जिथून नाझींनी ज्यूंना गाड्यांत भरून कोंडवस्त्या आणि छळछावण्यांकडे पाठवले, अवश्य जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फलाटाच्या कडेला बसवलेल्या पोलादी पट्ट्यांवर तारीख, नेलेल्या ज्यूंची संख्या आणि गाडी कुठून कुठे गेली, एवढेच कोरलेले आहे. वाचत पुढे जावे तसे काही तारखांपुढे हजाराच्या घरातले आकडे दिसतात, काहींपुढे अगदी मोजकी माणसे. आणि जर्मनीचा पराभव डोळ्यांसमोर दिसत असतानाही, १९४५च्या मार्चपर्यंत, ही पाठवणी थांबली नव्हती हे ध्यानात येऊन अंगावर काटा येतो. रुळांमध्ये उगवलेली झाडे मुद्दामच तोडलेली नाहीत. या फलाटावरून पुन्हा कधीही गाडी सुटणार नाही, हे त्यांतून कळते.

सहलीचे कार्यक्रम आखणाऱ्यांनी या ठिकाणासाठी निदान एक तास राखून ठेवावा आणि तिथे काय घडले ते प्रवाशांना आधीच समजावून सांगावे.

— एक वाचक