इंग्रजी म्हणी पाठ नकोत, समजावून द्या

संपादक साहेब, नमस्कार.

माझी नात सातवीला आहे, परवा तिची वही बघितली तर ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ च्या पुढं लिहिलेलं ‘मांजरं आणि कुत्री पडणे’, आणि वर लाल पेनानी बरोबरची खूण! मला फार वाईट वाटलं हो. अहो मुसळधार पाऊस, एवढं सोपंय. आमच्या सोलापुरात तसा पाऊस कमीच, पण म्हणून पोरांना अर्थ चुकीचा शिकवायचा का.

मग तिला घेऊन बसलो. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ म्हणजे आपले नक्राश्रू, ‘बेल द कॅट’ म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, ‘सावर ग्रेप्स’ म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे सांगितल्यावर पोरगी म्हणाली आजोबा हे तर मला येतंच की! ‘होल्ड युअर हॉर्सेस’ म्हणजे जरा दमानं घे. ‘डार्क हॉर्स’ घोड्यांच्या शर्यतीतून आलाय, ज्याची कुणाला माहिती नाही आणि तोच पुढं निघतो असा घोडा, काळा घोडा नव्हे, हे मात्र तिला दोनदा सांगावं लागलं कारण गाईडात काळा घोडाच छापलाय.

शिक्षकांना दोष देत नाही, एकेका वर्गात पोरं किती असतात. पण आपल्या पेपरात रविवारी मुलांच्या पानावर रोज वापरातल्या चार-पाच इंग्रजी म्हणी, शेजारी आपली मराठी म्हण, आणि एक वाक्य, एवढं छापता आलं तर बघा. कात्रणं काढून वहीत चिकटवायला मी तयार आहे.

– एक आजोबा, जुळे सोलापूर