वर्गणीची पावती

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. मंडळाच्या हिशेबाची वही पूर्ण लिहून झाल्याशिवाय तुला उत्तर लिहायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून हा उशीर झाला. ती वही आज संध्याकाळी पूर्ण झाली. गेल्या दोन हंगामांची मिळून आपल्या पेठेच्या फुटबॉल संघावर चार लाख साठ हजार रुपयांची देणी आहेत. हा आकडा आजपर्यंत पेठेत तिघांनाच ठाऊक होता, अध्यक्षांना, सचिवांना आणि खजिनदार म्हणून मला. तू चौथा. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत तो सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा आहे, आणि त्याआधी तो एकदा तुझ्यासमोर मांडावा असे मनापासून वाटले.

तू विचारशील की धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी तपासलेले हिशेब जातात, तर मग ही देणी इतके दिवस दिसली कशी नाहीत. त्याचे उत्तर सोपे आहे आणि ते लिहिताना मला वाईट वाटते. आपण जमा झालेले पैसे लिहितो आणि दिलेले पैसे लिहितो. जे द्यायचे राहिले ते कुठेच लिहिलेले नसते. त्यामुळे कागदावर जमा आणि खर्च नीट जुळतात, लोक टाळ्या वाजवून हिशेबाला मंजुरी देतात, आणि खेळाचे साहित्य देणारा दुकानदार, फिजिओथेरपिस्ट आणि खानावळीच्या मावशी मात्र पुढच्या महिन्याच्या आशेवर राहतात.

मावशींचे सांगायलाच हवे. बाहेरगावचे चार खेळाडू दोन्ही वेळ त्यांच्याकडे जेवतात. गेल्या आठवड्यात मी थोडे पैसे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी फडताळातून एक शाळेची दुरेघी वही काढली. प्रत्येक पानावर एका खेळाडूचे नाव, खाली तारखा, आणि प्रत्येक ताटाला पेन्सिलीची एक उभी रेघ. ज्या दिवशी पोरगा सामना हरून न जेवताच झोपला, त्या दिवशी रेघ नव्हती. सात महिन्यांचे पैसे थकलेले असताना त्या बाईंनी न खाल्लेल्या ताटाचा एक रुपयाही लावला नव्हता. मी दिलेल्या नोटा त्यांनी मोजल्या, वहीत लिहिल्या, आणि म्हणाल्या, “उपांत्य सामना कधी हाय? नातवाला न्यायचं हाय.” मी घरी येईपर्यंत कोणाशी बोललो नाही. सभेत आकडा वाचायचाच, हे त्या रात्री ठरले.

तू डाव्या बगलेला खेळत होतास तेव्हाची गोष्ट निराळी होती. संघातले अकराच्या अकरा जण पेठेतले असत, बूट एकमेकांचे घालत, आणि शाहू स्टेडियमवर जिंकून आल्यावर मंडळाचा सगळा खर्च म्हणजे मिसळ आणि चहा. आता वरिष्ठ गटातला प्रत्येक संघ परजिल्ह्यांतून, परराज्यांतून खेळाडू आणतो, आणि गेली बरीच वर्षे आफ्रिकेतले खेळाडूही आपल्या पेठांतून राहतात. त्यांच्यामुळे खेळ वेगवान झाला आणि आपली पोरे त्यांच्याकडून शिकली, यात शंका नाही. पण शेजारच्या पेठेने एक आणला की आपण दोन आणायचे, ही ईर्ष्या आपल्या रक्तात आहे. मानधन, खोलीचे भाडे, जेवण, येण्याजाण्याचा खर्च हे सारे हंगामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते, आणि चषकाचे बक्षीस मिळालेच तर हंगामाच्या शेवटी मिळते. मधले पाच महिने आपण उधारीवर चालतो आणि अंतिम सामना जिंकू या भरवशावर सह्या करतो. अंतिम सामना तर एकच संघ जिंकतो.

गेल्या वर्षी त्यात आपल्या गोलरक्षकाच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. विमा नव्हता. शस्त्रक्रियेचा निम्मा खर्च त्याच्या घरच्यांनी केला आणि निम्मा मंडळाने. तो पैसा गेला याचे मला जराही दुःख नाही, उलट सगळाच आपण द्यायला हवा होता. पूर्वी अशा वेळी गंगाजळी उपयोगी पडायची, पण ती 2019 च्या महापुरात पूरग्रस्तांसाठी खर्च झाली आणि पाठोपाठ कोरोनाने मैदाने बंद केली. त्यानंतर ती पुन्हा कधी साठलीच नाही.

आता तुझ्या पत्राकडे येतो. तू इंग्लंडमधल्या एक्सेटर सिटी या फुटबॉल क्लबच्या समर्थकांच्या ट्रस्टचा सभासद झालास आणि त्यांच्या सेंट जेम्स पार्क मैदानावर उभे राहून सामने पाहतोस, हे वाचून आनंद झाला. त्या क्लबचा जो इतिहास तू मला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत आलास, तो मी या तीन आठवड्यांत सलग आठवून पाहिला. 2003 साली क्लब पाचव्या श्रेणीत घसरला, डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, आणि त्याच वर्षी चाहत्यांच्या ट्रस्टने तो ताब्यात घेतला. मालकी येऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा जानेवारी 2005 मध्ये एफए कप या इंग्लंडच्या चषक स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत हा संघ बलाढ्य मँचेस्टर युनायटेडशी त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर शून्य-शून्य बरोबरीत सुटला. 67 हजारांहून अधिक प्रेक्षक होते. बरोबरी झाली म्हणून घरच्या मैदानावर फेरसामना मिळाला, आणि तो हरूनही या दोन सामन्यांच्या उत्पन्नातून कर्जाचा मोठा भार उतरला. ही गोष्ट मी आपल्या पोरांना दहा वेळा तरी सांगितली असेल. मात्र आज मला तिच्यातला धोकाही दिसतो. नशिबाने एकदा दार ठोठावले म्हणून दर हंगामाला त्याची वाट पाहत बसलो, तर काय होते ते माझ्या वहीत लिहिलेले आहे.

म्हणूनच मला त्या क्लबचे 2014 साल अधिक महत्त्वाचे वाटते. त्या उन्हाळ्यात पगार भागवण्यासाठी त्यांना खेळाडूंच्या संघटनेकडून कर्ज घ्यावे लागले आणि नवे खेळाडू घेण्यावर बंधन आले. मालक चाहतेच, हेतू स्वच्छ, तरीही गल्ल्यात पगाराइतके पैसे नव्हते. (त्याच उन्हाळ्यात हा संघ ब्राझीललाही जाऊन आला, कारण 1914 साली ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाने आपला पहिला सामना रिओत याच एक्सेटरविरुद्ध खेळला होता आणि त्याला शंभर वर्षे होत होती. हे तू सांगितलेस तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.) चाहत्यांची मालकी म्हणजे पैशाची हमी नव्हे, हे मी त्यातून शिकलो. ती फक्त एवढे करते, की अडचण आल्यावर कोणाला विचारायचे आणि कोणी उत्तर द्यायचे, हे ठरलेले असते. आपल्या मंडळात संघ पेठेचा आहे असे आपण छाती ठोकून म्हणतो, पण पेठेला आकडा सांगत नाही. मग मालकी नावापुरतीच राहते.

त्यांनी पुढे काय केले, तेही बघ. स्वतःच्या अकादमीत वाढवलेला ऑली वॉटकिन्स 2017 मध्ये ब्रेंटफर्डला विकला आणि पुढच्या विक्रीतला वाटा करारात लिहून ठेवला. 2020 मध्ये तो ॲस्टन व्हिलाकडे गेला, तेव्हा त्या एका कलमाने क्लबच्या तिजोरीत पुन्हा पैसे आले. आपल्याकडे असा सौदा नाही. आपला खेळाडू नव्या नोंदणीच्या वेळी समोरच्या पेठेत जातो आणि आपल्या हाती केवळ त्याचा लहानपणचा फोटो राहतो. तरी आपलीच पोरे घडवणे मला सगळ्यांत कमी खर्चाचे आणि सगळ्यांत खात्रीचे वाटते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. अशी पोरे या मातीत निपजतात हे सिद्ध झालेले आहे, आणि आपण मात्र चौदा वर्षांच्या मुलांना चेंडू पुरवताना काटकसर करतो.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली आहे ती लिहितो. शहरातल्या एका मोठ्या व्यावसायिकाने निरोप पाठवला आहे. सगळी देणी तो एकरकमी फेडील, पुढची तीन वर्षे खेळाडूंचा खर्च उचलील. त्याच्या अटी दोन आहेत. संघाच्या नावाआधी त्याच्या व्यवसायाचे नाव लागले पाहिजे, आणि संघनिवडीच्या समितीत निम्मी माणसे त्याची असली पाहिजेत. माणूस वाईट आहे असे मी म्हणणार नाही. त्याला फुटबॉल कळतो, तो लहानपणी याच गॅलरीत बसलेला आहे. मंडळातली तरुण पोरे तर हरखून गेली आहेत, आणि ज्यांचे मानधन थकले आहे त्यांना हरखण्याचा अधिकारही आहे.

पण तीन वर्षांनंतर काय, हा प्रश्न मला सोडत नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता होता. कंपनीने ठरवले आणि 2010 मध्ये तो संघ बंद झाला. फगवाड्याचा जेसीटी तर पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता, तोही 2011 मध्ये मिटला. हे संघ मैदानावर संपले नाहीत. बैठकीच्या खोलीत संपले, आणि त्यांच्या प्रेक्षकांना त्या खोलीत जागा नव्हती. तुमच्या इंग्लंडमधला ‘बरी’ नावाचा क्लब 1885 सालचा. 2018 च्या अखेरीस तो एका नव्या मालकाच्या हाती गेला आणि ऑगस्ट 2019 मध्ये, पैसा उभा करता न आल्याने, त्याला लीगमधून काढून टाकले गेले. आपल्या पेठेतून गणपती जाईल, तालीम जाईल आणि मग संघ जाईल, असे म्हातारी माणसे म्हणतात. ते हसण्यावारी नेणे मला आता जमत नाही.

उलट बाजूही मी लपवणार नाही. तिकडच्याच पोर्ट्समथ क्लबच्या चाहत्यांनी प्रत्येकी हजार पौंड घालून 2013 मध्ये क्लब वाचवला, जुनी देणी फेडली, संघ वरच्या श्रेणीत नेला, आणि 2017 मध्ये स्वतःच मतदान करून तो एका श्रीमंत अमेरिकनाला विकला, कारण जुन्या मैदानाची दुरुस्ती त्यांच्या ऐपतीबाहेर होती. त्यांना मी चुकीचे कसे म्हणू? त्यांच्यापुढे हिशेब होता, तो वाचून त्यांनी हात वर केले. आमच्या सभेनेही हिशेब वाचून त्या व्यावसायिकाला होकार दिला, तर मी खजिनदार म्हणून नव्या पावतीपुस्तकावर सही करीन. न वाचता दिला, तर राजीनामा देईन.

माझा स्वतःचा प्रस्ताव साधा आहे. या हंगामात बाहेरचा एकही नवा खेळाडू घ्यायचा नाही. आहेत त्यांचे मानधन आधी चुकते करायचे आणि मावशींचे पैसे सर्वांत आधी. पेठेतल्या प्रत्येक घराकडे महिन्याला शंभर रुपयांची वर्गणी मागायची, आणि देणाऱ्याला, मग ते घर बाईच्या नावावर असो की भाडेकरूचे, सभेत एक मत द्यायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा, खर्च आणि देणी असे तीन रकाने मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहायचे, जिथे आजवर फक्त सामन्यांच्या वेळा लिहिल्या जात. व्यावसायिकाला जर्सीच्या छातीवर जागा द्यायची, संघाच्या नावात नाही आणि निवड समितीत तर नाहीच. या मार्गाने देणी फिटायला दोन वर्षे लागतील आणि त्या दोन वर्षांत आपण बहुधा खालच्या गटात जाऊ. सभेत हेही मी स्पष्ट सांगणार आहे. ते ऐकल्यावर पोरे माझ्याकडे कशी पाहतील याची कल्पना मला आहे.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तुझ्या ट्रस्टच्या नियमांत सभासदाला हिशेब पाहण्याचा कोणता अधिकार आहे आणि संचालक कसे निवडले जातात, हे मराठीत उतरवून शनिवारपर्यंत पाठव. फार लांब नको, सभेत वाचता येईल एवढेच.

दुसरी गोष्ट तू पत्राच्या शेवटी लिहिलेल्या रकमेची. दोन लाख रुपये पाठवतो म्हणालास. ते वाचून घरात सगळ्यांचे डोळे भरून आले, आईने तर तुझे पत्र देवापाशी ठेवले आहे. तरी ती रक्कम पाठवू नकोस. तू दोन लाख दिलेस, तर सभेत त्या व्यावसायिकाला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? पेठेतल्या इतर घरांसारखी वर्षाची बाराशे रुपये वर्गणी भर. नव्या पावतीपुस्तकातली पहिली पावती मावशींच्या नावाने फाडली आहे. देणी बाकी असतानाही त्यांनी शंभराची नोट काढून माझ्या हातात ठेवली आणि मला ती नाकारता आली नाही. दुसरी पावती तुझ्या नावाने कोरी ठेवली आहे. तुझे पैसे आले की तीवर आकडा घालीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र